रोख्यांना वेगळं खातं, पेन्शनला काय? ठाण्याच्या तिजोरीची पार्श्वभूमी

ठाण्याला नगरपालिका १८६३ पासून आहे. महापालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला. नवी मुंबई महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ ला सुरू झाला. संस्था जितकी जुनी, तितक्या निवृत्तांच्या पिढ्या तिच्या मागे. जुन्या योजनेत सफाई कामगाराला, पाणी खात्यातल्या चावीवाल्याला, पालिका रुग्णालयातल्या सिस्टरला शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, आणि त्यांच्या पश्चात जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. नोकरीच्या वर्षांत त्यासाठी पुरेसे पैसे बाजूला पडले नसतील, तर ते चालू उत्पन्नातूनच काढावे लागतात.

जकात होती तोवर हे निभावून जायचं. नाक्यावर ट्रक थांबायचा, मालाची बिलं तपासली जायची, पावती फाटायची आणि रोकड थेट पालिकेच्या खात्यात. महागाई वाढली की मालाची किंमत वाढायची, तिच्याबरोबर जकातही. नवी मुंबईने जकातीऐवजी उपकर लावला होता. १ एप्रिल २०१३ ला दोन्ही शहरांत एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी कडकडीत बंद पाळले, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीचे व्यापारी त्यातून सुटले. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. तेव्हापासून बुडालेल्या कराची राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं: २०१६-१७ हे आधारवर्ष, दरसाल ८ टक्के वाढ. माझ्या मते महापालिकांचं बळ इथे गेलं. वेतन आयोग लागला की पगार आणि पेन्शन दोन्ही एकदम चढतात, भरपाई मात्र ठरलेल्या दरानेच वाढते.

मग पैसा उभा करायला रोखे पुढे येतात, म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरलेल्या व्याजाने घेतलेलं कर्ज. बंगळूरने १९९७ मध्ये सुरुवात केली; अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी उभे केले. पाठोपाठ नाशिक. २०१५ मध्ये भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने नियम केले आणि २०१७ मध्ये पुण्याने पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी घेतले. अशा रोख्यांसाठी कराचं उत्पन्न आधी एका राखीव खात्यात जमा होतं, त्यातून व्याज आणि मुद्दल बाजूला निघतं, आणि उरलेलं पालिकेच्या हाती येतं. गुंतवणूकदाराला ही खात्री लागतेच. पण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन येणाऱ्या आजींसाठी असं खातं कुठे आहे?

रोखेधारक आणि पेन्शनर हे दोन दावेदार समोरासमोर आले की काय होतं, ते अमेरिकेत डेट्रॉइटने दाखवलं. जुलै २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह ते शहर दिवाळखोरीत गेलं. पेन्शनही कापता येतं, असा निकाल न्यायालयाने दिला. सामान्य कर्मचाऱ्यांचं पेन्शन ४.५ टक्क्यांनी घटलं आणि महागाईवाढ गेली. काही रोखेधारकांचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं होतं. त्याआधी २००५ मध्ये त्या शहराने पेन्शन निधीतली तूट भरायला १.४ अब्ज डॉलरचं कर्ज उचललं होतं, तेच पुढे गळ्याशी आलं.

महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना अंशदान योजनेत, म्हणजे नोकरीभर जमलेल्या हप्त्यांवर पेन्शन ठरणाऱ्या योजनेत टाकून नव्या देण्याला बांध घातला. जुनी देणी मात्र आहेत तशीच आहेत, आणि जुनं पेन्शन परत द्या म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. ती मागणी मला रास्त वाटते. पण तिच्यासाठी आजच निधी बांधला नाही, तर उद्याचे निवृत्त पुन्हा चालू वर्षाच्या वसुलीच्या भरवशावर राहतील. ठाणे किंवा नवी मुंबईने रोखे काढायचं ठरवलं, तर माहितीपत्रकात पुढच्या तीस वर्षांचं पेन्शनचं देणं आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापायला हवेत.