निळी पुली आणि पिळवटणारा क्रँक

परवा भाच्याने एक फोटो पाठवला. निळी, चकचकीत ॲल्युमिनियमची क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) टोकावरचं, पट्ट्याने अल्टरनेटर वगैरे फिरवणारं चाक. खाली मेसेज: "मामा, लावू का? पावणेदोन किलोने हलकी आहे, पिकअप वाढतो म्हणे. आणि मूळ पुलीतल्या डॅम्परची गरजच नाही, इंजिन आतून बॅलन्स केलेलं असतं." डॅम्पर म्हणजे थरथर जिरवणारा भाग. शेवटचं वाक्य अर्थातच विकणाऱ्याचं. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे.

आधी वजनाचं बघू. फिरणाऱ्या वस्तूत किलोंपेक्षा जडत्व आघूर्ण महत्त्वाचं, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला ती वस्तू किती विरोध करते ते. २.५ किलोची, ७.५ सेंटिमीटर त्रिज्येची पोलादी पुली भरीव तबकडी धरली तर ते ०.००७ किलोग्रॅम-वर्गमीटर येतं, ८०० ग्रॅमच्या पुलीचं ०.००२. वाचले ०.००५. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला क्रँकचे साधारण १४ फेरे होतात. हे गुणोत्तर वर्गाने मोजायचं असतं, म्हणून तिथे ही बचत गाडीतून १२ किलो सामान उतरवल्यासारखी. पाचव्या गिअरमध्ये? जेमतेम अर्धा-पाऊण किलो. इंजिन तीन सेकंदांत शून्यापासून ६००० आरपीएमला नेलं, तर वाचलेली ऊर्जा १००० ज्यूलच्या आसपास, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरहूनही कमी. एकसारख्या वेगाने जाताना काहीच नाही. काही पुल्या मुद्दाम लहान व्यासाच्या असतात. त्यांनी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर सावकाश फिरतो आणि थोडी ताकद खरंच वाचते, पण सिग्नलला एसी लावून उभं राहिलात की चार्जिंग कमी पडू शकतं.

आता खरी गंमत. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. त्या धक्क्याने क्रँक पिळला जातो, ओला पंचा पिळावा तसा, फक्त अंशाच्या छोट्याशा भागाइतका. एका टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असतं, ते आपली गती सहजी बदलत नाही. म्हणून सगळ्यात जास्त डुलतं ते दुसरं टोक, नेमकं पुलीचं. पीळ सुटतो, उलटा बसतो, पुन्हा सुटतो. या डुलण्याची क्रँकची स्वतःची लय असते, सेकंदाला काही शे वेळा. ६००० आरपीएमला सेकंदाला २०० धक्के बसतात, आणि धक्का गुळगुळीत नसल्यामुळे त्यात ४००, ६०० कंपनांच्या लहरीही मिसळलेल्या असतात. त्यातली एखादी क्रँकच्या लयीशी जुळली की अनुनाद. झोपाळा योग्य वेळी ढकलत राहावा, तसा पीळ वाढत जातो.

बॅलन्सचा याच्याशी संबंध नाही. बॅलन्स म्हणजे वजन आसाभोवती नीट वाटलेलं असणं, जात्याचा वरचा दगड डुगडुगू नये एवढंच. उत्तम बॅलन्स केलेला क्रँकही पिळला जातोच. डॅम्परला 'हार्मोनिक बॅलन्सर' म्हणायची पद्धत पडली आणि गोंधळ पक्का झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा सिलिंडरच्या इंजिनांचे लांबलचक क्रँक याच पिळाने मोडत. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्यावर डॅम्परचा उपाय काढला. आजच्या डॅम्परमध्ये मधला हब, त्यावर रबराचं कडं आणि बाहेर जड धातूची रिंग असते. हब थरथरला की रिंग मागे रेंगाळते, रबर ताणलं जातं, थरथर उष्णता होऊन निघून जाते. तैपेई १०१ या इमारतीत टांगलेला ६६० टनांचा गोळा याच घराण्यातला.

निळ्या पुलीत ना रबर, ना रिंग. बऱ्याच इंजिनांत ऑइल पंपही क्रँकच्या त्याच टोकावर बसवलेला असतो, म्हणजे थरथरीचा मार आधी त्यालाच. बोनेटला बांधलेली लिंबू-मिरची बरी, ती निदान क्रँकला हात लावत नाही.

काही लहान इंजिनांत मुळातच साधी, एकसंध पुली असते. तिथे हलकी पुली लावून डॅम्पर जाण्याचा प्रश्न येत नाही, फायदा मात्र तेवढाच तुटपुंजा.

भाच्याला म्हटलं, इंजिन बंद करून टॉर्च घे आणि पुलीकडे बघ. दोन धातूंच्या मध्ये काळं कडं दिसलं तर तो डॅम्पर. दिसलं. त्यावर बारीक चिराही दिसल्या. मग हबपासून रिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारायला लावली. महिन्याभराने रेघेचे दोन तुकडे झाले, बाहेरचा बोटभर पुढे सरकलेला. रबराने पकड सोडली होती. निळी पुली परत गेली आणि मूळचाच नवा डॅम्पर बसला.