कॉपरगेट उत्खनन

इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या मध्यवस्तीत १९७६ ते १९८१ या काळात झालेले पुरातत्त्वीय उत्खनन. कॉपरगेट रस्त्यालगतचा मिठाईचा जुना कारखाना पाडून तेथे बाजारसंकुल बांधायचे ठरले. त्याआधी यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने रिचर्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली ही जागा खणली. वसत्या शहरात इतकी वर्षे सलग खणायला मिळणे हे तेव्हाही अपूर्वाईचेच होते.

ऊझ आणि फॉस या नद्यांच्या मधल्या या जागेत वस्तीचे थर काही ठिकाणी ९ मीटरपर्यंत खोल आहेत. तळाशी रोमन काळ, मग चारएक शतके जवळपास ओसाड आणि त्यानंतर एकदम दाट वस्ती. स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांनी ८६६ मध्ये यॉर्क जिंकले. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे रस्त्याकडे तोंड असलेले लांबट, अरुंद भूखंड आखले गेले. त्यांच्या हद्दी पुढे हजार वर्षे जवळपास तशाच राहिल्या. प्रथम कुडाची घरे होती. ९७० च्या सुमारास त्यांच्या जागी जमिनीत खोल उतरवलेली, जाड फळ्यांची घरे आली.

उत्खननाचे खरे मोल त्या चिखलात आहे. जमीन सतत ओली, त्यात कचरा आणि शेणघाणीची भर. त्यामुळे थरांत प्राणवायू पोहोचला नाही आणि एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या. लाकडी वाट्या आणि त्या चरकावर कातताना उरलेले लाकडाचे गाभे, चामडी जोडे, रेशमी टोपी, एकाच सुईने विणलेला लोकरीचा मोजा असे बरेच काही हाती लागले. नोंदलेल्या वस्तू सुमारे ४०,००० भरतात. मध्य आशियातील समरकंदच्या नाण्याची बनावट नक्कल सापडल्याने व्यापाराबरोबर लबाडीही किती दूरवर पोहोचली होती ते कळते. शौचखड्ड्यांतील मातीत फळांच्या बिया, कोंडा आणि आतड्यातील जंतांची अंडी मिळाली. राजांच्या बखरींत न येणारे रोजचे जगणे कळले ते या घाणीतून.

सर्वांत गाजलेली वस्तू मात्र उत्खनन संपल्यावर मिळाली. १९८२ मध्ये बांधकामाच्या यंत्राचा फाळ आठव्या शतकातील एका शिरस्त्राणावर आपटला. ते व्हायकिंगपूर्व अँग्लियन काळातील, म्हणजे येथे अँगल लोकांचे राज्य असतानाचे असून त्यावरील लॅटिन लेखात ओशेरे हे नाव आहे. आता ते यॉर्कशायर संग्रहालयात आहे.

संकुलाच्या तळघरात, उत्खननाच्याच जागी, १९८४ मध्ये यॉर्विक (यॉर्कचे व्हायकिंगकालीन नाव) व्हायकिंग सेंटर हे संग्रहालय उघडले. पुनर्रचित गल्ल्यांबरोबर तेथे त्या काळचे वासही अनुभवायला मिळतात. डिसेंबर २०१५ मध्ये फॉसच्या पुराचे पाणी आत शिरल्याने ते बंद पडले आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले.

सगळ्याच जागांना एवढी सवड मिळाली नाही. १९८९ मध्ये यॉर्कमधील क्वीन्स हॉटेलच्या जागेवरील रोमन अवशेषांवरून मोठा वाद झाला. १९९० मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात बदल झाला आणि बांधकामामुळे नष्ट होणाऱ्या अवशेषांच्या नोंदीचा खर्च विकासकाने करण्याची पद्धत रूढ झाली.