‘व्हेरी’ची झीज

वहीच्या पानावर लाल शाईत लिहिलेलं ‘व्हेरी गुड’ ही आपल्यातल्या बहुतेकांची ‘व्हेरी’शी झालेली पहिली ओळख. व्हेरी म्हणजे फार, एवढं तेव्हाच पाठ होतं आणि पुढे कोणी त्याची चौकशी करत नाही. पण चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसर या कवीने एका शिलेदाराचं वर्णन करताना हाच शब्द योजला, तेव्हा त्याचा अर्थ ‘फार’ नव्हता, ‘खराखुरा’ होता. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द लॅटिनमधल्या ‘वेरुस’च्या, म्हणजे ‘सत्य’च्या कुळातला. व्हेरिफाय आणि व्हर्डिक्ट ही त्याची भावंडं. ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे ‘नेमका तोच माणूस’, या प्रयोगात तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

‘खरा’चा ‘फार’ होतो कसा? आपण ‘खरंच छान झालंय’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात खऱ्याखोट्याचा प्रश्न नसतोच. एवढं ठासून सांगतोय म्हणजे बरंच छान असणार, असा अर्थ तो काढतो. हे हजारो वेळा घडलं की ठासण्याचा भाग उरतो आणि सत्य गळून पडतं. मग आणखी जोर हवा असला की नवा शब्द शोधावा लागतो. ‘रिअली’ आणि ‘ट्रूली’ याच वाटेने आले. ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ भीतीच्या वाटेने आले, आणि ती वाट मराठीलाही चांगलीच ठाऊक आहे. ‘भयंकर गोड बाळ’ म्हणताना कोणी घाबरलेलं नसतं. ‘प्रचंड’ हा शब्दही संस्कृतात मुळात उग्र, भडक अशा अर्थाचा. आता आमरससुद्धा प्रचंड आवडतो.

भाषेचे अभ्यासक अशा शब्दांना तीव्रतादर्शक म्हणतात. त्यांचं वागणं चलनासारखं आहे: जितकं जास्त छापावं तितकी किंमत घसरते. व्हेरीच्या आधी जुन्या इंग्रजीत ‘स्विदे’ होता. मूळ अर्थ ‘बळाने’. तो पार नामशेष झाला. मग ‘फुल’ आला, तो आज ‘फुल वेल’सारख्या एखाद्या जोडीपुरता उरलाय. ‘राइट’चंही राज्य होतं, आता तो इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत आणि ब्रिटिश मंत्र्यांच्या ‘राइट ऑनरेबल’ या बिरुदात सापडतो.

या झिजेबद्दलची तक्रारही जुनीच आहे. 1754 मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड या इंग्रज उमरावाने त्या काळच्या फॅशनेबल स्त्रियांच्या तोंडी असलेल्या ‘व्हास्टली’ या शब्दाची थट्टा केली. व्हास्ट म्हणजे अफाट. एका बाईंनी तपकिरीची इवलीशी सोन्याची डबी ‘व्हास्टली’ सुंदर ठरवली, कारण ती ‘व्हास्टली’ लहान होती! ‘हल्लीच्या मुलांनी भाषेची वाट लावली’ असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण हे सगळं मोजायचं कसं? नुसता ‘व्हेरी’ किती वेळा आला हे मोजून भागत नाही, कारण गप्पिष्ट माणूस सगळेच शब्द जास्त वापरतो. रिका इतो आणि साली टॅग्लियामोंटे या भाषाअभ्यासकांनी 2003 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या रहिवाशांच्या ध्वनिमुद्रित गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जिथे जिथे तीव्रतादर्शक येऊ शकला असता ती प्रत्येक जागा मोजली. तो आला नाही त्या जागाही. असल्या जागांपैकी जवळपास एक चतुर्थांश भरलेल्या निघाल्या, त्यांत ‘व्हेरी’ पहिला आणि ‘रिअली’ दुसरा. खरी गंमत वयाप्रमाणे वाटणी केल्यावर दिसली. थोरांच्या बोलण्यात ‘व्हेरी’चं पारडं जड, तर तरुणांच्या बोलण्यात ‘रिअली’चं. माणसाचं बोलणं तरुणपणी बरंचसं पक्कं होतं असं मानलं, तर एकाच वेळी टिपलेल्या वेगवेगळ्या पिढ्यांतून गेल्या काही दशकांचा बदल वाचता येतो. वयानुसार माणूस बोलणं थोडंफार बदलतोही, म्हणून हे गृहीतक जपून वापरावं लागतं.

शब्द किती झिजलाय हे ओळखायची खूणही आहे. ताजा तीव्रतादर्शक मोजक्याच विशेषणांशी जमवून घेतो. त्याचा मूळ अर्थ जसजसा पातळ होतो तसतसा तो कोणालाही चिकटतो. ‘टेरिबली’ आधी वाईट गोष्टींना लागला असणार हे सहज पटतं. तो ‘नाइस’ला लागला तेव्हा त्यातली दहशत संपली. याच टॅग्लियामोंटे यांनी ख्रिस रॉबर्ट्स यांच्यासह 2005 मध्ये ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेचे संवाद तपासले. तिथे ‘व्हेरी’ आणि ‘रिअली’ दोघांनाही मागे टाकून ‘सो’ पहिला आला, आणि तो स्त्री पात्रांच्या तोंडी जास्त होता. चेस्टरफील्ड यांच्या डबीवाल्या बाई आठवतात.

मग ‘व्हेरी’ऐवजी काय वापरायचं? ‘व्हेरी टायर्ड नको, एग्झॉस्टेड म्हणा’ अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. माझ्या मते त्या अर्ध्याच कामाच्या. टायर्डला कमी-जास्तपणा असतो, म्हणून त्याला ‘व्हेरी’ चालतो. एग्झॉस्टेड आधीच टोकाला पोचलेला असतो, तिथे ‘व्हेरी’ खटकतो आणि ‘ॲब्सोल्यूटली’ शोभतो. म्हणजे दोघं समानार्थी नाहीत. जिना चढून दमलेला माणूस एग्झॉस्टेड असेलच असं नाही. क्रियापदाआधी तर एकटा ‘व्हेरी’ चालतच नाही. ‘मला फार आवडतं’ या वाक्यातला ‘फार’ जसाच्या तसा उचलून ‘आय व्हेरी लाइक’ म्हणणारा मराठी माणूस इथेच अडखळतो. तिथे ‘व्हेरी मच’ लागतो, तोही बहुतेकदा वाक्याच्या शेवटी.

सगळ्यांत फसवा मात्र ‘क्वाइट’. टोकाच्या विशेषणाला लागला की त्याचा अर्थ ‘अगदी’: ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे अगदी अशक्य. साध्या विशेषणाबरोबर तो अमेरिकेत साधारणपणे जोर वाढवतो, तर ब्रिटनमध्ये बऱ्याचदा कमी करतो. त्यामुळे लंडनच्या साहेबाने तुमच्या अहवालाला ‘क्वाइट गुड’ म्हटलं, तर पेढे वाटण्याआधी त्याचा सूर कसा होता ते आठवून पाहा.