वजन नेमके कशाचे? प्रवासी कॅमेरा-संचाची पार्श्वभूमी

ज्या २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीला आज ‘फुल फ्रेम’ असे भारदस्त नाव आहे, ती १९२५ साली एका जर्मन कारखान्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा कॅमेरा बाजारात आणला तेव्हा चिमुकली समजली जात होती. त्या काळच्या काचपट्ट्यांच्या आणि मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांपुढे हा खिशातला कॅमेरा होता. १९५९ मध्ये जपानमध्ये त्या चौकटीचेही दोन भाग करणारा कॅमेरा निघाला आणि छत्तीस फोटोंच्या रोलवर बहात्तर फोटो बसू लागले. लहानपणाचे माप पिढीगणिक बदलत आले आहे, एवढे सांगून फिल्मचा काळ येथे सोडून देता येईल.

आजच्या हलक्या संचाची खरी सुरुवात २००८ मधली. त्याआधी, २००३ मध्ये, ‘फोर थर्ड्स’ ही डिजिटलसाठी मुद्दाम आखलेली प्रणाली आली होती. तिचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग, १७.३ × १३ मिलिमीटरचा होता, पण कॅमेऱ्यात डोळ्याला दृश्य दाखवणारा आरसा कायम राहिल्यामुळे लेन्सच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ३८.६७ मिलिमीटर ठेवावे लागले. सेन्सर लहान आणि कॅमेरा मात्र जवळपास नेहमीएवढाच, असा तो प्रकार होता. २००८ मध्ये दोन जपानी कंपन्यांनी सेन्सर तोच ठेवून आरसा काढला आणि हे अंतर १९.२५ मिलिमीटरवर आणले. अशा कॅमेऱ्याची लेन्स काढली की पूर्वी जिथे आरशाची खोल पेटी दिसायची, तिथे सेन्सर अगदी तोंडाशी दिसतो. पावसाळ्यात घाटात लेन्स बदलताना त्याची धास्तीही वाटते.

या प्रणालीचे नावही सरळ नाही. ‘फोर थर्ड्स’ म्हणजे चार तृतीयांश इंच, अर्थात सुमारे ३४ मिलिमीटर. सेन्सरचा कर्ण मात्र जेमतेम २१.६ मिलिमीटर भरतो. चार तृतीयांश इंच हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातील काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे आहे. त्या नळीतला चित्रासाठी उपयोगी पडणारा भाग व्यासाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असे. नळ्या गेल्या, तरी त्यांचे इंच सेन्सरला चिकटून राहिले.

याहून मोठा गुंता ‘समतुल्यता’ या शब्दाने केला. लहान सेन्सरवरची २५ मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ५० मिलिमीटरएवढाच कोन दाखवते, हे सर्वांना मान्य आहे. वाद अ‍ॅपर्चरचा आहे. हे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; ‘एफ’चा आकडा जितका लहान, तितके ते मोठे. एक्स्पोजरच्या, म्हणजे फोटो किती उजळ येईल याच्या, हिशेबात एफ १.८ हे कोणत्याही सेन्सरवर एफ १.८ च असते. पण सेन्सरचे क्षेत्रफळ जवळपास चौपट कमी असल्याने चित्रासाठी एकूण गोळा होणारा प्रकाश त्याच प्रमाणात घटतो आणि मागची धूसरता एफ ३.६ सारखी दिसते. म्हणून टीकाकार म्हणतात की ३८२ ग्रॅमच्या १२–४० मिलिमीटर एफ २.८ लेन्सची तुलना पाऊण-एक किलोच्या २४–७० एफ २.८ शी करणे ही वजनाची हातचलाखी आहे. गणित म्हणून हा आक्षेप बिनतोड आहे. मात्र तो धूसरता हवीच असते असे गृहीत धरतो, आणि प्रवासात बहुधा नेमके उलटे असते. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. तिथे भिंतीवरचे चित्र आणि पुढचा खांब दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर फुल फ्रेमवाल्यालाही अ‍ॅपर्चर लहान करून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, चढवावी लागते. तसे केले की त्याची आघाडी तिथल्या तिथे विरते. चित्र आणि खांब हलत नसल्यामुळे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा बाकीचे काम करते.

ती यंत्रणा पाच अक्षांवर चालवणारी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, २०१२ मध्ये आली. बॅटरी आणि कार्डासह तिचे वजन ४२५ ग्रॅम होते. त्यात १०० ग्रॅमची २० मिलिमीटर, ११६ ग्रॅमची ४५ मिलिमीटर आणि १५५ ग्रॅमची ९–१८ मिलिमीटर अशा तीन लेन्स मिळवल्या, तरी सारे ओझे ७९६ ग्रॅमवर थांबते. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा साधारण सात किलो असते, तेव्हा हा आकडा मोठाच दिलासा देतो.

पुढच्याच वर्षी एका स्पर्धक कंपनीने बॅटरीसह ४७४ ग्रॅमची फुल फ्रेम बॉडी काढली आणि ‘लहान सेन्सर म्हणजे हलका कॅमेरा’ हे समीकरण बॉडीपुरते मोडले. लेन्सपुरते ते आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. दरम्यान लहान सेन्सरवाल्यांच्याच बॉड्या खोलगट मुठी आणि मोठ्या बॅटऱ्या घेऊन जाड होत गेल्या. २०१३ मध्ये त्यांच्यापैकी एकीने बॅटरीसह २०४ ग्रॅमची बॉडी विकली होती. तिची बॅटरी जेमतेम २३० फोटो काढी, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून दृश्य पाहायची खिडकी) नव्हता, आणि जाड बोटांना बटणे सापडत नसत. २०१४ मध्ये व्ह्यूफाइंडर बसवलेली तिची धाकटी बहीण आली. त्यानंतर या प्रणालीत तेवढी छोटी बॉडी पुन्हा निघाली नाही, आणि ज्याला ती हवी त्याला वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या दुकानातच चौकशी करावी लागते.