जपून ठेवलेली फाइल शोधताना

मुंबईत एखाद्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, की घराघरांतून कागदांची शोधाशोध सुरू होते. भाडेपावती, रेशन कार्ड, जुने लाइट बिल, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, असे काय काय मागितले जाते. आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. यातला कागद ज्या दिवशी घरात आला, त्या दिवशी पुढे याच्यावर घर मिळणार आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही पुष्कळ कुटुंबांना तो सापडतो, कारण ‘माळ्यावरच्या ट्रंकेत, पिवळ्या पिशवीत, रेशन कार्डाच्या खाली’ एवढे कोणाच्या तरी नक्की लक्षात असते. आता हीच कागदपत्रे पीडीएफ, फोटो आणि स्क्रीनशॉट होऊन फोनमध्ये राहतात, आणि गेल्या वर्षीची मालमत्ता कराची पावती काढायची म्हटले तरी संध्याकाळ जाते. याचे खापर आपण स्वतःच्या बेशिस्तीवर फोडतो. माणसे स्वतःजवळची माहिती कशी ठेवतात आणि ती पुन्हा कशी शोधतात, याचा अभ्यास गेली चाळीस वर्षे चालू आहे, आणि त्यातून दिसणारे चित्र या समजुतीपेक्षा बरेच वेगळे आहे.

या अभ्यासाची सुरुवात कागदांनी भरलेल्या टेबलांपासून झाली. थॉमस मालोन यांनी १९८३ मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या टेबलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. काहींकडे नावे घातलेल्या फाइली होत्या, तर काहींकडे नुसते गठ्ठे. मालोन यांच्या लक्षात आले, की गठ्ठ्यांना स्वतःचे काम असते: डोळ्यांसमोरचा कागद ‘हे अजून व्हायचे आहे’ याची आठवण करून देत राहतो, तो फाइलीत गेला की ती आठवणही जाते. शिवाय एखादा कागद नेमका कोणत्या वर्गात घालायचा, हे ठरवणे मनाला जड जाते, कारण त्याचा पुढे उपयोग काय होईल, हे त्या क्षणी माहीत नसते.

संगणक आल्यावर हा वर्गीकरणाचा त्रास संपेल, अशी अपेक्षा होती. वर्गवारी कशाला करायची, एक शब्द टाइप करावा आणि यंत्राने फाइल समोर आणावी. १९९५ मध्ये डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी मात्र नोंदवले, की लोक शब्दाने शोधण्यापेक्षा फाइल जिथे ठेवली त्या जागी जाऊन ती उचलणे पसंत करतात. त्या काळच्या शोधसुविधा फारच संथ होत्या, हा यावरचा आक्षेप रास्त होता. पुढे २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप आणि २००५ मध्ये ॲपलचे स्पॉटलाइट आले आणि संगणकातल्या फाइलींचा शोध क्षणार्धात होऊ लागला. तरीही संशोधक ओफर बर्गमन, स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००८ मध्ये आढळले, की सुधारलेली सुविधा हाताशी असूनही लोक प्रामुख्याने फोल्डरमधूनच वाट काढत फाइलीपर्यंत जातात, आणि सर्चकडे वळतात ते बहुतेक वेळा जागा विसरल्यावरच. याच गटाने २०१० मध्ये २९६ जणांना त्यांच्याच संगणकावरील १,१३१ फाइली काढायला सांगितल्या. त्यांपैकी ९४ टक्के सापडल्या, सरासरी १४.७६ सेकंदांत, आणि त्यासाठी सरासरी तीन फोल्डरही उतरावे लागले नाहीत. माणूस आपल्या पसाऱ्यात किती सफाईने वावरतो, याची मला ही आकडेवारी वाचेपर्यंत कल्पना नव्हती.

या सफाईमागचे एक कारण मेंदूत सापडते. २०१५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लोक फाइल शोधत असताना त्यांच्या मेंदूचे एफएमआरआय, म्हणजे कोणता भाग कामाला लागला आहे हे दाखवणारे, चित्रण केले गेले. फोल्डरमधून जाताना मेंदूच्या मागील भागातील जी केंद्रे सक्रिय झाली, तीच प्रत्यक्ष जगात रस्ता काढतानाही सक्रिय होतात. सर्च करताना मात्र डाव्या बाजूच्या पुढील भागातील, भाषेशी निगडित केंद्रे कामाला लागली. रोज दादरला गाडी बदलणारा माणूस सोबत्याशी बोलत बोलत, एकही पाटी न वाचता, पश्चिम रेल्वेच्या फलाटावरून मध्य रेल्वेच्या फलाटावर पोहोचतो. परिचित फोल्डरमधली वाटचाल त्याच जातीची आहे. २०१३ मधला आणखी एक प्रयोग याला पुष्टी देतो. सहभागी व्यक्तींना शब्दांची एक यादी ऐकवली आणि ती लक्षात ठेवून एक फाइल काढायला सांगितली. फोल्डरमधून गेलेल्यांना सर्च करणाऱ्यांपेक्षा अधिक शब्द आठवले, म्हणजे वाट चालताना भाषेची शक्ती मोकळी राहिली होती आणि शब्द शोधताना ती तिथेच खर्ची पडली होती.

दुसरे कारण खुद्द शब्दांचेच आहे. जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले, की एकाच वस्तूला किंवा क्रियेला आपणहून नाव द्यायला सांगितले, तर दोन माणसांनी तेच नाव निवडण्याची शक्यता २० टक्क्यांपेक्षाही कमी असते. काही काळ लोटला, की आपणही स्वतःच्या बाबतीत असेच दुसरे माणूस होतो. मराठी माणसाच्या फोनमध्ये ही अडचण कितीतरी पटींनी वाढते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, असे मला वाटते. एकाच कागदाला ‘लाइट बिल’, ‘वीजबिल’, ‘इलेक्ट्रिसिटी’ अशी तीन नावे घरात चालतात. ती देवनागरीत लिहायची की रोमन लिपीत, हे त्या दिवशी कळफलक कोणता उघडा होता यावर ठरते. आणि रोमन लिपीत ‘दाखला’ हा शब्दही प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने लिहितो. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या शोधाला यातले काहीही कळत नाही. नाव समोर दिसल्यावर ओळखणे सोपे असते, ते मनातून आठवून काढणे अवघड, हा स्मृतीचा जुना नियम आहे. फोल्डरमध्ये आपण नावे ओळखत जातो, सर्चमध्ये ती आधी आठवावी लागतात.

इथे विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. आयबीएममधील संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांनी ईमेल पुन्हा शोधण्यासाठी केलेल्या सुमारे ८५ हजार कृती तपासल्या. तिथे फोल्डरमधून शोधायला सरासरी ५८ सेकंद लागले आणि सर्चला १७. मेहनतीने फोल्डर रचणाऱ्यांना त्याचे यशही अधिक मिळाले नाही. मला या दोन निष्कर्षांत विसंगती वाटत नाही. ईमेल आपण घडवलेला नसतो, तो येतो. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि भरपूर मजकूर असतो, त्यामुळे सर्चला धरायला पुष्कळ काही मिळते. स्वतः जागा निवडून ठेवलेल्या फाइलीची गोष्ट वेगळी, कारण ठेवताना केलेला विचारच पुढे वाट दाखवतो.

फोनमध्ये नेमका हा ठेवण्याचा क्षणच नाहीसा झाला आहे. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ उघडली की फोनमध्ये उतरते, पण कुठे उतरली हे आपण ठरवलेले नसते. तीच पावती बँकेच्या ॲपमध्ये, ईमेलमध्ये, डाउनलोड्समध्ये आणि पुढे पाठवलेल्या संदेशात अशी चार ठिकाणी पडून राहते, आणि तिचे नाव म्हणजे आकड्यांची एक रांग. फोटोंची स्थिती आणखी कठीण आहे. व्हिटेकर, बर्गमन आणि पॉल क्लफ यांनी २०१० मध्ये पालकांना त्यांच्याच मुलांच्या महत्त्वाच्या प्रसंगांचे, वर्षापेक्षा जुने फोटो काढून दाखवायला सांगितले, तेव्हा जवळजवळ ४० टक्के फोटो त्यांना सापडले नाहीत. फोटो फार काढले होते, ते फारसे लावलेले नव्हते आणि काढल्यानंतर क्वचितच पाहिले गेले होते. आता त्याच गॅलरीत जातीच्या दाखल्याचा फोटो नातेवाइकांच्या लग्नाच्या फोटोंमध्ये दडलेला असतो, आणि अकरावीच्या प्रवेशाची मुदत संपायच्या रात्री तो शोधावा लागतो.

बर्गमन यांनी सुचवलेली काही तत्त्वे फोनवरही लागू पडतात. कागदाच्या प्रकारानुसार वर्गवारी करण्यापेक्षा कामानुसार करावी, म्हणजे ‘प्रवेश’ या एकाच फोल्डरमध्ये दाखला, फोटो, पावती आणि स्क्रीनशॉट हे सारे एकत्र येते. दुसरे तत्त्व मला विशेष महत्त्वाचे वाटते: जे लागत नाही ते पुसून टाकण्यापेक्षा नजरेआड करावे. पुसण्याचा निर्णय माणूस सहसा घेऊ शकत नाही, आणि वास्तव्याच्या पुराव्याचे उदाहरण पाहता ते शहाणपणाचेच आहे. पण कामाच्या फोल्डरमध्येच ‘जुने’ नावाचा कप्पा करून निरुपयोगी फाइली त्यात सरकवल्या, तर डोळ्यांना नेमके तेच दिसते जे हवे असते, आणि बाकीचे आपल्या मूळ संदर्भात सुरक्षित राहते. सरकारी दाखल्यांसाठी २०१५ पासून डिजिलॉकर आहे. तिथे मूळ देणाऱ्या संस्थेकडूनच प्रत येते, त्यामुळे त्या कागदांपुरती तरी एक ठरलेली जागा मिळते.

कुटुंबाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. बहुतेक घरांत हा सारा कारभार एकाच व्यक्तीच्या फोनमध्ये असतो, आणि ती गावी गेली किंवा आजारी पडली की इतरांना काही सापडत नाही. फोल्डर सर्वांसाठी सामाईक केले तरी अडचण राहते, कारण दुसऱ्याने लावलेल्या व्यवस्थेत आपण मनात वाट बांधलेली नसते. एकत्र वापरायच्या फाइली काढताना लोक स्वतःच्या फाइलींपेक्षा अधिक वेळा अपयशी ठरतात, हे संशोधनातही दिसले आहे. अशा फाइलींसाठी फर्नास यांचा १९८७ चा उपाय आजही सर्वात चांगला आहे: एकच योग्य नाव शोधत बसण्यापेक्षा एकाच वस्तूला जमतील तितकी नावे द्यावीत. आई तिला ज्या नावाने ओळखते, मुलगा जे टाइप करील आणि कार्यालयात जे मागतात, ते तिन्ही शब्द, घराचा पत्ता आणि वर्ष हे सारे फाइलीच्या नावातच लिहिता येते. अँड्रॉइड फोनमध्ये फाइलीचे नाव साधारणपणे २५५ बाइटपर्यंत चालते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा धरून सुमारे ८५ चिन्हे मिळतात. ‘लाइट बिल वीजबिल इलेक्ट्रिसिटी गिरगाव जून २०२४’ हे त्यात सहज बसते.