भारतात शिकलेल्या वकिलांसाठी न्यूयॉर्कचा परवाना आणि एच-१बी प्रायोजकत्व : पात्रता, कागदपत्रे, वेळापत्रक

भारतात एलएलबी झालेल्या व्यक्तीला अमेरिकेत वकील म्हणून नोकरी करायची असेल, तर तिला दोन स्वतंत्र परवानग्या मिळवाव्या लागतात. वकिलीचा परवाना त्या त्या राज्याचे न्यायालय देते आणि नोकरी करण्याची मुभा तिथले केंद्र सरकार व्हिसाच्या रूपाने देते. एच-१बी हा पदवी लागणाऱ्या विशेष व्यवसायांसाठीचा असा तात्पुरता व्हिसा आहे. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. वकिलीच्या परवान्यासाठी नागरिकत्वाची अट घालता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली दिला आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर न्यूयॉर्कचा परवाना मिळू शकतो, पण तो हातात असूनही व्हिसाअभावी तिथे एक दिवसही पगारी काम करता येत नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. हा फरक लक्षात न आल्यामुळे अनेकांची वर्षे आणि घरच्यांनी उभे केलेले पैसे वाया जातात. म्हणून आधी परवाना, मग व्हिसा आणि शेवटी दोन्हींचे एकमेकांत अडकलेले वेळापत्रक अशा क्रमाने ही प्रक्रिया येथे मांडली आहे. उदाहरण न्यूयॉर्क राज्याचे घेतले आहे, कारण परदेशात शिकलेल्या वकिलांना परवान्याच्या परीक्षेला, म्हणजे बार परीक्षेला, बसू देण्याची तिथली पद्धत सर्वांत रुळलेली आहे.

परवान्यासाठी पात्रता

न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाच्या (त्या राज्यात त्याला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात) नियम ५२०.६ मध्ये परदेशी पदवीधरांची पात्रता सांगितली आहे. तुमची पदवी तुमच्या देशात वकिलीसाठी ग्राह्य असली पाहिजे आणि महाविद्यालयाला तिथल्या अधिकृत संस्थेची मान्यता असली पाहिजे. शिक्षणाचा कालावधी अमेरिकी विधी महाविद्यालयातील शिक्षणाच्या तोडीचा हवा, आणि शिकवलेला कायदा इंग्रजी कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या पूर्वीच्या निर्णयांना बंधनकारक मानणाऱ्या, परंपरेतला हवा. भारतीय कायदा त्याच परंपरेतला असल्याने आपल्याकडच्या अर्जदारांना शेवटची अट सहसा अडवत नाही. अडचण येते ती कालावधीची. पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असो किंवा बारावीनंतरचा पाच वर्षांचा, तो पूर्णवेळ होता की अर्धवेळ, याची छाननी न्यूयॉर्कचे बार परीक्षा मंडळ स्वतः करते. नोकरी सांभाळून शिकलेल्यांनी या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. दूरशिक्षणाने घेतलेली कायद्याची पदवी भारतातच वकिलीसाठी चालत नाही, त्यामुळे ती तिथेही उपयोगाची नाही.

कालावधी किंवा आशय यांपैकी एकाच बाबतीत उणीव असेल, तर अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या महाविद्यालयातून एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करून ती भरून काढता येते. दोन्ही बाबतीत उणीव असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो. एलएलएम कोणतेही चालत नाही. त्यात किमान २४ क्रेडिट्स असावे लागतात. त्यांपैकी २ व्यावसायिक नीतिनियमांचे, २ विधी संशोधन व लेखनाचे, २ अमेरिकी कायदाव्यवस्थेच्या ओळखीचे आणि किमान ६ बार परीक्षेतील विषयांचे असावे लागतात. आंतरराष्ट्रीय लवाद किंवा बौद्धिक संपदा अशा एकाच विषयात रमून वर्ष संपवले आणि या चार गटांपैकी एक गट राहून गेला, तर पदवी मिळते पण परीक्षेचे दार उघडत नाही. प्रवेश घेतानाच महाविद्यालयाच्या कार्यालयाकडून आपली विषयनिवड या नियमात बसते का, याचे लेखी उत्तर घ्यावे.

एलएलएमशिवाय थेट परीक्षेला बसता येईल का, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. त्याचे उत्तर इतरांच्या अनुभवावरून काढू नये. न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळाकडे परीक्षेच्या अर्जापूर्वीच पात्रतेची आगाऊ तपासणी मागता येते, आणि एलएलएमचे शुल्क भरण्याआधी ती करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. कागद जमवण्यात आणि निर्णय येण्यात महिने जातात, म्हणून ज्या परीक्षेला बसायचे आहे तिच्या किमान वर्षभर आधी हे काम हाती घ्यावे.

कागदपत्रे

या तपासणीसाठी मुख्यतः चार गोष्टी लागतात : सर्व वर्षांचे अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि गुणांचा एकत्रित उतारा), पदवी मिळाल्याचा पुरावा, महाविद्यालयाच्या मान्यतेचा पुरावा, आणि भारतात वकिलीसाठी लागणारी शैक्षणिक अट पूर्ण झाल्याचा पुरावा. शेवटच्या बाबीसाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद सर्वांत सोयीची ठरते. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच मंडळाकडे गेले पाहिजे. तुम्ही स्वतः काढलेली छायाप्रत, मग ती कितीही साक्षांकित असली, तरी त्याची जागा घेत नाही.

येथे आपल्याकडच्या अर्जदारांची एक नेहमीची अडचण तपशिलाने सांगितली पाहिजे. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर बहुधा आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे आणि शेवटी आईचे नाव छापलेले असते. सनदेवर नावाचा क्रम वेगळा असतो, पासपोर्टवर आईचे नाव नावाच्या ओळीत येतच नाही, आणि लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर तिसरेच नाव तयार होते. परदेशातील तपासणाऱ्याला चार कागदांवर चार माणसे दिसतात. त्यामुळे पहिला कागद पाठवण्यापूर्वीच सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे इंग्रजी शपथपत्र करून ठेवावे, आणि नाव खरोखर बदलले असेल तर राजपत्रातील नोंदीची प्रत जोडावी. आईचे नाव आपल्या कागदांवर असणे ही अभिमानाची गोष्ट आहे. ते वगळण्याची गरज नाही, फक्त ते नाव तिथे का आहे हे एका वाक्यात स्पष्ट केलेले असावे.

परीक्षा आणि तिच्यानंतरच्या अटी

बार परीक्षा वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि जुलै महिन्यांच्या अखेरीस, सलग दोन दिवस होते. सध्याच्या स्वरूपात २०० बहुपर्यायी प्रश्न, ६ निबंधवजा उत्तरे आणि प्रत्येकी ९० मिनिटांची २ व्यावहारिक कामे असतात, आणि ४०० पैकी २६६ गुण मिळवावे लागतात. परदेशात शिकलेल्यांसाठी अर्जाचे शुल्क ७५० डॉलर आहे. मिळालेले गुण अनेक राज्यांत ग्राह्य धरले जातात, परंतु तेथील शैक्षणिक पात्रतेची अट वेगळी असते. न्यूयॉर्कने परीक्षेला बसू दिले म्हणून शेजारचे राज्य परवाना देईलच असे समजू नये. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, आपल्या देशात वकिलीची नोंदणी असलेल्यांना एलएलएमशिवाय परीक्षेला बसता येते, मात्र तिथली गुणांची अट वेगळी आहे.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही परवाना लगेच मिळत नाही. व्यावसायिक नीतीची स्वतंत्र परीक्षा ८५ गुणांनी, तसेच न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि ५० प्रश्नांची चाचणी पूर्ण करावी लागते. ५० तासांची विनामोबदला विधिसेवा बंधनकारक आहे. ही सेवा भारतातही करता येते, पण ती देखरेखीखाली केलेली आणि नियमाप्रमाणे नोंदवलेली हवी. व्यावहारिक कौशल्याची अटही पूर्ण करावी लागते. त्यानंतर चारित्र्य पडताळणी होते. जिथे जिथे वकिलीची नोंदणी आहे तिथल्या संस्थेचे, म्हणजे आपल्या बाबतीत राज्य बार कौन्सिलचे, नोंदणी निष्कलंक असल्याचे प्रमाणपत्र त्या वेळी लागते.

ज्यांना अमेरिकी कायद्याची वकिली करायची नाही, तर भारतीय कायद्यावर सल्ला द्यायचा आहे, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कमध्ये विधी सल्लागाराचा परीक्षेविना मिळणारा परवानाही आहे. त्यासाठी वय २६ वर्षांहून अधिक आणि लगतच्या ५ वर्षांपैकी किमान ३ वर्षे प्रत्यक्ष वकिली असावी लागते. मुंबईत काही वर्षे काम केलेल्या, कंपनी कायद्यात मुरलेल्या वकिलाने हा पर्याय अवश्य विचारात घ्यावा. त्याची चर्चा फारच कमी होते. अर्थात, या परवान्यालाही कामाची परवानगी वेगळी लागतेच.

प्रायोजकत्व म्हणजे नेमके काय

एच-१बी व्हिसासाठी उमेदवार स्वतः अर्ज करू शकत नाही. अर्ज नोकरी देणारी फर्म किंवा कंपनी करते, आणि त्यालाच प्रायोजकत्व म्हणतात. मार्च महिन्यात फर्म उमेदवाराची ऑनलाइन नोंदणी करते, त्याचे शुल्क २१५ डॉलर आहे. मर्यादा वर्षाला ६५,००० व्हिसांची असून अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० राखीव आहेत. एलएलएमचा लाभ येथे होतो. नोंदणी जास्त झाल्यास सोडत निघते. २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमानुसार या सोडतीत वेतनश्रेणीला वजन दिले आहे, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या पदाला निवडीची संधी अधिक मिळते. नाव निघाल्यावर फर्म श्रम विभागाकडून वेतन आणि कामाच्या अटींबाबतचा अर्ज प्रमाणित करून घेते आणि मग मुख्य अर्ज, म्हणजे आय-१२९, दाखल करते. मान्यता मिळाल्यास काम १ ऑक्टोबरपासून सुरू होते. मुदत ३ वर्षांची असून ती साधारणपणे ६ वर्षांपर्यंत वाढते.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने चित्र आणखी बदलले. २१ सप्टेंबर २०२५ पासून १२ महिन्यांसाठी, अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारासाठी नवा एच-१बी अर्ज करणाऱ्याला १,००,००० डॉलर भरण्याची अट तिने घातली. अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावर असलेल्याचा दर्जा बदलून मागितला असेल, तर ही रक्कम लागू होत नाही, असा खुलासा तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केला. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पुण्यात किंवा नागपुरात बसून थेट नोकरी मिळवण्याचा मार्ग अत्यंत अरुंद झाला आणि तिथे जाऊन एलएलएम करणाऱ्याची बाजू तुलनेने भक्कम झाली. अर्ज करण्याच्या दिवशी या घोषणेची मुदत संपली आहे की वाढली आहे, हे अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

पदाचे नावही महत्त्वाचे आहे. परवाना हाती नसताना फर्म तुम्हाला वकील म्हणून दाखवू शकत नाही, कारण परवाना आवश्यक असलेल्या व्यवसायात तो असल्याचा पुरावा व्हिसाच्या अर्जासोबत मागितला जातो. तोवर लॉ क्लर्क या नावाने, परवानाधारक वकिलाच्या देखरेखीखाली काम करता येते. आपल्या न्यायालयांत वकिलांचा कारकून म्हणजे जो माणूस, त्याच्याशी या पदाचा संबंध नाही. ते उमेदवारीच्या काळातील वकिलाचे पद आहे.

वेळापत्रकाची खरी अडचण

एलएलएम नंतर विद्यार्थी व्हिसावर १२ महिने काम करण्याची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिच्यात आणखी २४ महिन्यांची वाढ मिळते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. आता तारखा मांडून पाहा. मे महिन्याच्या मध्यावर एलएलएम संपले, तर ओपीटी त्यानंतर ६० दिवसांच्या आत, म्हणजे उशिरात उशिरा जुलैच्या मध्यावर सुरू करावी लागते. जुलैच्या अखेरीस बार परीक्षा, निकाल साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस. मार्चमध्ये सोडत, आणि पुढच्या जुलैत ओपीटी संपते. म्हणजे अभियंत्याला सोडतीत तीन वेळा नशीब आजमावता येते, तर वकिलाला बहुधा एकदाच. सोडतीत नाव निघून अर्ज वेळेत दाखल झाला, तर मधला काळ भरून काढणारी सवलत आहे. नाव निघाले नाही, तर नाही.

ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक बेकार राहता येत नाही. म्हणून बार परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी ओपीटीची सुरुवात शक्य तितकी उशिरा मागावी, नाहीतर अभ्यासाचे आठवडेच या दिवसांत मोजले जातात. परीक्षेनंतर नोकरी नसेल, तर गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत आठवड्याला किमान २० तास विनावेतन काम केल्यास ते नियमाप्रमाणे काम म्हणून धरले जाऊ शकते. याबाबत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचे मत आधी घ्यावे.

हे सगळे गणित नोकरी शोधताना समोर ठेवले पाहिजे. मोठ्या फर्म बहुतेक भरती तीन वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या विद्यार्थ्यांतून करतात, आणि एलएलएमच्या विद्यार्थ्यांसाठी मुलाखतींचा हंगाम प्रामुख्याने जानेवारीच्या सुमारास येतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये तिथे पोहोचल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच बायोडेटा तयार हवा. मुलाखतीत प्रायोजकत्वाचा प्रश्न नेमका विचारावा : ही फर्म यंदा मार्चमध्ये माझी नोंदणी करणार का, आणि नाव न निघाल्यास मला परदेशातील कार्यालयात घेण्याची तयारी आहे का. "पुढे पाहू" हे उत्तर नकार समजूनच पुढची पावले टाकावीत.

फसवणुकीबाबत स्पष्ट लिहिणे भाग आहे. एच-१बी अर्जासोबत भरावे लागणारे प्रशिक्षण शुल्क नियोक्त्यानेच भरावे, असा कायदा आहे. प्रायोजकत्वाच्या नावाखाली उमेदवाराकडे काही लाख रुपये मागणारा दलाल किंवा कंपनी समोर आली, तर तिथेच थांबावे. एखाद्या फर्मने आजवर किती एच-१बी अर्ज केले आणि त्यांतले किती मान्य झाले, याची माहिती अमेरिकी सरकार एच-१बी एम्प्लॉयर डेटा हब या नावाने सर्वांसाठी खुली ठेवते. त्यात फर्मचे नाव टाकून पाहायला पाच मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत.

भारतातील सनदेचीही व्यवस्था करून जावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली सुरू ठेवता येत नाही, म्हणून नोकरी पत्करताना राज्य बार कौन्सिलला तसे लेखी कळवावे लागते. या पत्राची पोच जपून ठेवावी, कारण पुढे न्यूयॉर्कच्या चारित्र्य पडताळणीत भारतातील नोंदणीबद्दल विचारणा होते तेव्हा हाच कागद दाखवावा लागतो.