माणसाचा आकस आणि व्यवस्थेचा जाच

सोलापुरात जातीवर नाहीतर गरिबीवर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमच्या साहेबांनी आजवर कुणाची जात विचारली नाही बघा." साहेब असतीलही तसे. पण तेवढ्यावरून त्यांच्या टेबलावर कुणावर अन्याय होत नाही असं म्हणता येत नाही. एखाद्याच्या मनातला आकस वेगळा आणि व्यवस्थेचा जाच वेगळा. दोन्हींची गल्लत झाली की तक्रार भलत्याच दारात जाते.

पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बाईचं घ्या. ती कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणते, पानं भिजवते, कात्रीनं मापात कापते, सूप मांडीवर घेऊन वळत बसते आणि हजारावर हिशेब करून माल नेऊन देते. तिथे छाट निघते, म्हणजे खराब ठरवलेल्या बिड्या बाजूला काढतात आणि त्यांची मजुरी बुडते. तपासणाऱ्याचं एकीशी वाजलंय म्हणून तो तिचीच छाट जास्त काढत असेल, तर तो आकस. त्याच्या जागी सरळ माणूस बसला की दुसऱ्या दिवसापासून तिचे पैसे वाढतात.

पण मिळालेल्या पानांत फाटकी, डागी बरीच निघाली आणि हजार भरेनात, तर? कमी पडलेली पानं ती पदरचे पैसे घालून आणते. तपासणारा देवमाणूस असला तरी यात काही करू शकत नाही. हजाराला किती पानं द्यायची हे ठरवणारा तो नव्हे. काम घरात चालतं, त्यामुळे घरातला दिवा, शाळेतून आल्यावर हाताखाली बसणारी पोर, यातलं काहीच हिशेबात येत नाही. इथे कुणीही कुणाचा द्वेष करत नाही, आणि पैसे तरी कमीच येतात.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. खुर्चीवरचा माणूस मनातल्या मनात बदलून बघायचा. निकाल बदलला तर दोष त्याचा. माणसं बदलत गेली आणि निकाल तोच राहिला, तर दोष टेबलावरच्या कागदात शोधायचा.

कागद काय करू शकतो हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला आणि इथे अशा जमातींना ठेवायला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे वसाहत, उभी राहिली. गुन्हेगार ठरवलेल्या एखाद्या जमातीत जन्म झाला एवढंच नाव नोंदायला पुरेसं होतं; मग हजेरी आणि बाहेर जायला परवानगी. तिथल्या पोरांसाठी शाळा चालवणारी, धंदे शिकवणारी भली माणसंही होती. हजेरी चुकली नाही. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा देशभर रद्द झाला. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव मात्र आजही पत्त्यात लिहितात.

आजचा जाच यापेक्षा सभ्य आहे. विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमाती, आणि भटके यांना जातीचा दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा गावोगाव पाल ठोकत फिरला, त्यानं तो कुठून आणायचा? क्लार्क "बसा ताई" म्हणेल, पाणीही देईल, आणि अर्ज त्रुटीत टाकेल. त्याला वेगळं काही करताच येत नाही. कैकाडी समाजाचं तर आणखी विचित्र: सोलापुरातला कैकाडी विमुक्त जातीत, अकोल्यातला अनुसूचित जातीत. 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींना लागू आहे, म्हणजे तीच शिवी अकोल्यात त्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकते आणि सोलापुरात नाही.

उलटी गल्लतही होते, आणि ती मला जास्त खटकते. मुद्दाम कुणाचा अपमान करणारा सापडला की "व्यवस्थाच तशी" म्हणून त्याला सोडून देतात. तिथे नाव घेऊनच तक्रार करायला हवी.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात हे खरं. चोरी झाली की आधी पारध्याच्या पोराला उचलणाऱ्या हवालदाराच्या मनात आकस असेल, पण तो आकस त्याच्या आधीच्या पिढ्यांनी रजिस्टरात लिहून ठेवलाय. अशा वेळी हवालदाराविरुद्ध अर्ज एक आणि रजिस्टराविरुद्धची लढाई दुसरी, दोन्ही लागतात. दुसऱ्या प्रकारची लढाई कशी दिसते ते पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेत दिसलं. कैद्यांना जातीवरून कामं वाटणारे तुरुंगांचे नियम सुप्रीम कोर्टानं 3 ऑक्टोबर 2024 ला घटनाबाह्य ठरवले. कोर्टानं कुण्या एका जेलरला शिक्षा सुनावली नाही. नियमावल्या दुरुस्त करा आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश राज्यांना दिला.